सांडोरच्या व्याह्यांस, कलादालनाच्या पायरीवरून

तुम्ही गेलात हे मला जेवताना कळलं, आणि मी आणखी भात मागितला.

सांगतो कसं ते. आमची वैदेही ताट घेऊन बसली आणि आमटीत बघत म्हणाली, "बाबा, तिकडचे बाबा गेले." तिचं लग्न मोडल्यापासून मनवेलपाड्यातल्या आमच्या घरात तुमच्याकडच्या कोणाला नाव उरलेलं नाही. तिकडची आई, तिकडचं घर, तिकडची केळी. तुमच्या नीलेशला तर 'तिकडचा' हेसुद्धा मिळत नाही. त्याच्यासाठी वैदेहीची आई शैला नुसती हनुवटी वसईच्या दिशेला करते.

"कोण?" मी विचारलं. जणू सांडोरला माझे डझनभर व्याही बसलेत.

"सांडोरचे बाबा हो. झोपेतच गेले म्हणे. मैत्रिणीचा मेसेज आला."

शैलाच्या हातातली पळी थांबली. "अगं बाई," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "माणूस वाईट नव्हता." इतक्या वर्षांत तुमच्या घराला तिच्याकडून मिळालेलं हे पहिलं बरं वाक्य, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी तुम्हाला शेवटचं पाहिलं ते कोर्टाच्या आवारात. त्यानंतर आपण दोघं मुंबईच्या राष्ट्रीय कलादालनात प्रत्येक नव्या प्रदर्शनाला भेटत आलो, आणि चारच दिवसांपूर्वी तुम्ही फोन करून पुढच्या भेटीचं ठरवलं होतंत, हे त्यांना ठाऊक नाही. शैलाला वाटतं, मी त्या दिवशी पेन्शनच्या कामाला जातो. माझ्या पेन्शनीची इतकी कामं निघतात की एखाद्याला वाटावं मी सैन्यात होतो. तर मला काहीतरी बोलायला हवं होतं, चेहरा नातेवाइकाचाही ठेवायचा नव्हता आणि परक्याचाही. मी म्हणालो, "भात वाढ."

तो भात संपवायला मला किती वेळ लागला ते विचारू नका.

व्याही, आता मोठी अडचण अशी आहे की मी तुमचा कोण, हे मला सांगता येत नाही. मुलगा-सून वेगळे झाले की सून माजी होते, जावई माजी होतो. व्याह्याचं काय होतं? ह्याला शब्दच नाही. शेजाऱ्याला शोक करता येतो, दुकानदाराला येतो, तुमच्या वाडीत केळी उतरवायला येणाऱ्यांनाही येतो. मला येत नाही. म्हणून हे लिहितोय. छापून आलं तर शैला वाचेल, आणि मग माझ्या पेन्शनचं काय व्हायचं ते होईल.

आपली सुरुवातच माझ्या एका घोटाळ्यातून झाली. तुम्ही ती गोष्ट दर वेळी सांगायला लावायचात, म्हणून पुन्हा सांगतो.

लग्नानंतर मी तुमच्याकडे येऊन तहानलेला परत जायचो. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा शैलाच्या माहेरचा नियम. आमच्या आळीत आता तो कोणी पाळत नाही, पण शैलानं माझ्यासाठी तो जिवंत ठेवला होता. तुमच्या पडवीत मी घाम पुसत बसायचो आणि समोर तुम्ही शहाळं सोलत असायचात. शहाळं पाण्यात धरायचं की फळात, ह्यावर मी घरी फोन करून विचारलं होतं. उत्तर 'पाण्यात' असं आलं. तुम्ही सगळं ऐकलंत, शहाळं स्वतः प्यायलात आणि म्हणालात, "आमच्याकडं पानी नाय, बाहेर तरी प्याल ना? चला कुठंतरी."

मी उत्साहानं म्हणालो, मी तुम्हाला मुंबई दाखवतो. म्युझियम. तलवारी, मूर्ती, भुसा भरलेला वाघ. वाघावर मी जरा जास्तच भर दिला. मग ठरल्या दिवशी तुम्हाला घेऊन मी मोठ्या ऐटीत रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असलेल्या दारात शिरलो.

दारातच आपण अडकलो. तुम्ही मुलाकडचे, मान तुमचा. मी म्हटलं, "आधी तुम्ही." तुम्ही म्हणालात, "छे, आज मी तुमचा पाहुणा, तुमच्या मागनं येनार." "असं कसं, आधी तुम्ही." तपासणीची ती लोखंडी चौकट आपल्या दोघांमध्ये उभी, मागे परदेशी पोरांची रांग, आणि गार्ड बिचारा हात वर करून थांबलेला. शेवटी तो म्हणाला, "अंकल, कोई एक तो आओ." आपण दोघं एकदम निघालो आणि खांद्याला खांदा लागून चौकट वाजली.

आत वाघ नव्हता. पहिल्याच दालनात भिंतभर काळ्या रेघा होत्या. माझ्या लक्षात आलं की इमारत चुकलीय, पण मुलीचा बाप व्याह्यासमोर इमारत चुकला हे कबूल कसं करणार? मी रेघांकडे हात केला आणि म्हणालो, "आधुनिक आहे."

"होय काय," तुम्ही म्हणालात.

त्या 'होय काय'मध्ये मला वाघाची चौकशी ऐकू येत होती. पण तुम्ही चौकशी केली नाहीत. तुम्ही हात मागे बांधले आणि बघत राहिलात, वाडीत पाणी सोडून दंडातून ते वाहताना बघत उभं राहावं तसे. मी दोन मजले फिरून, तीन वेळा स्वच्छतागृहात जाऊन आलो तरी तुम्ही अजून दुसऱ्या दालनातच होता. बाहेर पायरीवर बसल्यावर तुम्ही पिशवीतून सुकेळ्यांची, उन्हात सुकवलेल्या केळ्यांची, पुडी काढलीत, केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली, आणि माझ्या हातावर एक ठेवून म्हणालात, "वाघ नव्हता ते बरं झालं. वाघात वेळ गेला असता."

म्हणजे तुम्हाला दारातच कळलं होतं.

मला वाटलं होतं, तुम्ही शेतांची, झाडांची चित्रं बघाल. मीच एकदा तुम्हाला ओढत एका निसर्गचित्रापुढे नेलं: नारळ, विहीर, हिरवळ. तुम्ही बघितलंत न बघितलंत आणि म्हणालात, "हे घरी आहे. हे बघायला मी एवढ्या लांब कशाला येईन?" तुम्हाला आवडायचं ते, ज्यात काही नसायचं. नुसता लाल. नुसता राखाडी, त्यावर एक ओरखडा. माझं उलटं. मला चित्रात माणसं लागतात. कोण कोणाकडे बघतंय, कोण रुसलंय, जेवण झालंय का. विमा कंपनीत जन्म गेला, दावा खरा की खोटा हे बघितल्याशिवाय माझी नजर हलत नाही.

आणि ते लीकेज. तुम्ही एका तपकिरी चित्रासमोर बसून होता, वर कडेला काळपट, खाली पसरत गेलेलं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर मी अशीच भिंत रोज बघतो, आणि ती बघून लोक माझ्याशी कसे बोलतात तेही मला माहीत आहे. मी सद्भावनेनं गार्डजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "ऊपर का पाइप चेक करो. पानी उतर रहा है." तो म्हणाला, "अंकल, वो पेंटिंग है." तुम्ही इतके हसलात की डोळे पुसायला धोतराचा सोगा काढलात. तेव्हापासून त्या तऱ्हेचं प्रत्येक चित्र आपल्यासाठी 'तुमचं लीकेज' झालं. फोनवर तुम्ही सांगायचात, "या वेळी वर घुमटाखाली सगळं लीकेजच लावलंय. या लवकर."

मग पोरांचं फाटलं.

त्याबद्दल मी इथंही लिहिणार नाही, आपलं ठरलं होतं. फक्त मोराबद्दल लिहितो, कारण ते मी तुम्हाला कधी बोललो नाही.

वैदेहीचं सामान परत आलं त्या दिवशी मला वाटलं होतं, टेम्पोवाला येईल, खाली टाकून जाईल. टेम्पोत पुढे तुम्ही होता. मागे कपाट, शिलाई मशीन, भांडी, आणि पुढच्या सीटवर तुमच्या मांडीत रुखवतातला मोर. कापसाचा, शैलानं आणि तिच्या बहिणींनी महिनाभर बसून केलेला, पिसाऱ्याला टिकल्या लावलेला. सांडोरपासून मनवेलपाड्यापर्यंत त्या खड्ड्यांतून तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून आणलात. एक टिकली निघाली नव्हती. तुम्ही तो माझ्या हातात दिलात, वर आला नाहीत, पाणी मागितलं नाहीत. आणि जाता जाता टेम्पोतून केळीचं एक आख्खं लोंगर उतरवून जिन्याला टेकवून ठेवलंत.

शैलानं ते लोंगर घरात घेतलं नाही. दोन दिवस ते खाली जिन्यापाशी उभं होतं. मग पिकायला लागलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या कोणीतरी एक तोडलं, मग दुसऱ्यानं. सगळ्या बिल्डिंगनं कौतुक केलं, काय गोड आहेत, कोणाची पूजा होती का. सोसायटीत कोणालाच कळलं नाही की आपण घटस्फोटाची केळी खातोय. मीसुद्धा दोन खाल्ली, मीटरच्या खोलीत उभं राहून.

पुढे बरेच महिने काही नाही. आणि एक दिवस तुमचा फोन. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. "नवीन लागलंय. येताय?"

मी म्हटलं, येतो. दिवस मी ठरवला, म्हणजे घोटाळा होणारच होता. मी सोमवार ठरवला. सरकारी कलादालनं सोमवारी बंद असतात हे जगात सगळ्यांना माहीत आहे.

दाराला कुलूप. आपण पायरीवर बसलो. समोर बघायला एकही चित्र नाही, म्हणून एकमेकांकडे बघावं लागलं. तुमचे केस पार पिकले होते. मला तुम्ही काय पाहिलंत कोणास ठाऊक. तुम्ही पुडी सोडलीत आणि म्हणालात, "एक ठरवू. पोरांचं काढायचं नाय. चूक कोनाची ते त्या दोघांना पन माहीत नाय, मग आपल्याला काय माहीत असनार?"

"बरं," मी म्हणालो.

"नि आता तुम्हाला माझ्याकडचं खायला हरकत नाय. आता मुलीचं घर राहिलं नाय ते."

हे तुम्ही अगदी हिशेब जुळल्यासारखं सांगितलंत. मी सुकेळं तोंडात घातलं. मला तेव्हा मोराचं बोलायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते, पण तोंडात सुकेळं होतं, आणि ते चावून होईपर्यंत तुम्ही विचारलंत, "पुढच्या वेळी मंगळवार धरू या?"

आणि चौकटीतला तो प्रश्न? पुढच्या मंगळवारी आपण पुन्हा दारात उभे राहिलो. मी सवयीनं बाजूला झालो, "आधी तुम्ही." तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "आता मुलाकडचे, मुलीकडचे कोन राहिलेत? वयानं मोठे तुम्ही. चला." मी वयानं मोठा आहे हे तोवर कोणीच कधी लक्षात घेतलं नव्हतं. मी पुढे गेलो. त्या दिवशी मला जितका मान मिळाला तितका माझ्या स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता, आणि तो मिळायला पोरीचं लग्न मोडावं लागलं.

आता खाटेवालीचं.

दालनाच्या स्वतःच्या संग्रहातली चित्रं अधूनमधून काढून लावतात, त्यात ती होती. खाटेच्या कडेवर बसलेली बाई. पायाशी पत्र्याची पेटी. एक चप्पल पायात, एक जमिनीवर. बाजूला दार, अर्धं उघडं. तुमच्या आवडीचं नव्हे, माझ्या आवडीचं. मी तिच्यासमोर थांबलो आणि माझ्या विमावाल्या नजरेनं निकाल दिला, "निघालीय."

तुम्ही पुढे निघून गेला होतात ते मागे आलात. "कोन?"

"ही. घर सोडून निघालीय."

"आलीय ती," तुम्ही म्हणालात.

"अहो, पेटीला कुलूप आहे."

"प्रवासाला निघताना लावलेलं. अजून उघडली नाय एवढंच."

"चप्पल घालतेय."

"काढतेय. एक काढून झाली, दुसरी काढायची आहे. दमलीय."

"तोंड दाराकडे आहे, व्याही."

"दार लावायचं राहिलंय म्हनून बघते."

गार्डनं आपल्याला दोनदा शुक् केलं. पायरीवर आल्यावरही आपण थांबलो नाही. मला राग कशाचा येत होता ते मला कळत होतं, आणि तुम्हालाही. शेवटी मी म्हणून गेलो, "घर सोडून निघालेल्या मुलीचा चेहरा मी बघितलाय. मला ओळखू येतो."

ठरलेलं मी मोडलं होतं. तुम्ही बराच वेळ पुडीचा दोर बोटाला गुंडाळत राहिलात.

"आलेल्या मुलीचा मी बघितलाय," तुम्ही म्हणालात. "माप ओलांडून आत आली, सगळी बायामानसं जेवनाला गेली, नि ती एकटी खाटेवर बसलेली. अशीच. मी पानी घेऊन गेलो तर एक जोडवं काढून पाय चोळत होती. मला बघून घाईघाईनं घालायला लागली. मी म्हटलं, राहू दे गं, घरच आहे."

 सुकेळी संपवली. उठताना तुमचा गुडघा वाजला आणि तुम्ही म्हणालात, "आलीय ती." मी म्हणालो, "निघालीय." हे असं दर भेटीला, निरोपासारखं. इतर लोक 'येतो' म्हणतात.

तुमचा तो शेवटचा फोन. "खाटेवाली परत लावलीय. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय. या वेळी नीट बघतो, नि तुम्ही म्हनता तसं दिसलं तर कबूल करीन."

मी चेष्टेत म्हणालो, "लेखी द्याल?"

"चित्रापुढं उभं राहून देईन. गार्ड साक्षीला."

मंगळवार ठरला. तो मंगळवार आला तेव्हा तुम्हाला जाऊन आठवडा झाला होता, आणि मी घरी बसून टीव्हीवर क्रिकेट बघितलं. कोणाचा सामना होता सांगता येणार नाही.

तेराव्याला मात्र मला राहवलं नाही. दुखवट्याला व्याह्यानं मुलाच्या डोक्यावर टोपी घालायची असते, आमच्यातही, तुमच्यातही. साखरपुड्याला नीलेशला टोपी मीच घातली होती. तुमच्या त्या मुलाचं डोकं लहान. तेव्हा पहिली टोपी कानापर्यंत उतरली, सगळा मांडव हसला, आणि मला धावत जाऊन दुसरी आणावी लागली. त्यामुळे माप पाठ आहे. मी विरारच्या बाजारातून त्या मापाची पांढरी टोपी घेतली आणि शैलाला म्हणालो, पेन्शनचं काम आहे.

ती म्हणाली, "आज रविवार आहे."

मी म्हणालो, "ऑनलाइन आहे," आणि बाहेर पडलो. ह्या उत्तराचा अर्थ मलाही लागलेला नाही.

सांडोरला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. वाडीतून मांडवाचं कापड दिसत होतं. मी नीलेशपर्यंत जाईन, टोपी घालीन, एक शब्द न बोलता परत फिरेन, असं मी ठरवलं होतं. वाटेवर तुमच्या भावकीतला कोणीतरी तरुण माणूस उभा होता, आल्यागेल्याला आत पाठवत. त्यानं हात जोडले आणि विचारलं, "काका, आपण कोणाकडचे?"

ह्या एका प्रश्नाची तयारी मी केली नव्हती.

कोणाकडचा म्हणून सांगू? विहीणबाईंच्या माहेरचा? तुमच्या मित्रांपैकी? चित्रांकडचा? मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "केळी घ्यायला आलो होतो."

त्यानं हात खाली घेतले. वाईट वागला नाही तो. म्हणाला, "आज नाय मिळायची काका. आमचे भाऊ गेले, तेरावं आहे. उद्या या."

तिथून केळींच्या मधल्या फटीतून मला आतलं दिसत होतं. नीलेश पाटावर बसला होता, डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. त्याच्यासमोर एक गृहस्थ वाकले होते. ते तुमचे नवे व्याही असणार. त्यांच्याबद्दल तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत, "मानसं चांगली आहेत. पन चित्रं बघत नाहीत." त्यांनी टोपी घातली. मोठी होती. कानावर उतरली, आणि ह्या वेळी कोणी हसलं नाही. माझे हात शिवशिवले. माझ्या पिशवीत बरोबर मापाची होती, वीस-पंचवीस पावलांवर.

"उद्या येतो," मी त्या तरुणाला म्हणालो आणि परत फिरलो.

आज मंगळवार आहे, आणि मी पायरीवर बसून हे लिहितोय. प्रदर्शन ह्या आठवड्यात उतरवतायत.

दारात गार्ड तोच, आपला पाइपवाला. त्यानं माझी पिशवी उघडली, आत हात घातला, थांबला. "आज केला नहीं?"

"आज टोपी," मी म्हणालो.

त्यानं माझ्या मागे बघितलं. "केलेवाले अंकल?"

"गुजर गये."

त्यानं पिशवीची चेन हळूच लावली. "आपके क्या लगते थे?"

"समधी," मी म्हणालो. 'थे' म्हटलं नाही. तुम्ही गेल्यापासून मला हा प्रश्न दोघांनी विचारला, आणि ह्याला उत्तर देता आलं, कारण त्याला आमच्या घरातलं काही माहीत नाही. त्यानं मान खाली घातली. मग मी चौकटीशी येऊन थांबलो. सवयीनं बाजूला झालो होतो. मागून एक मुलगी आली, "थँक यू अंकल" म्हणून आत गेली. तिच्या मागून आणखी दोघं.  गार्डनं बराच वेळ मला तसं उभं राहू दिलं.

काय लागलंय ते सांगतो, तुम्ही विचारलंच असतंत. खाली कोणा एका जुन्या मुद्राचित्रकाराचं आहे, सगळं काळं-पांढरं, बारीक, चष्मा लागतो. मधल्या मजल्यावर फोटो आहेत, गिरणीतल्या माणसांचे. वर घुमटाखाली लीकेज. खूप आहे, व्याही. एक तर आख्ख्या भिंतीएवढं, निळसर राखाडी, कडेला नुसता एक पिवळा ठिपका. तुम्ही दोन तास हलला नसतात. मी तुमच्या वाटचं म्हणून समोर बसून बघितलं. पंधरा मिनिटांनी मला पायाला मुंग्या आल्या, दिसलं काही नाही. मला तुमच्यासारखं बघता येत नाही, तुम्ही शेजारी असलात की मला येतंय असं वाटायचं एवढंच.

खाटेवाली शेवटच्या दालनात आहे. मी ठरवून आलो होतो की आज हरायचं. तिच्यापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, व्याही, आलीय ती. गार्डला साक्षीला बोलवायचं. तुमच्यासाठी मी ह्याहून मोठं खोटं बोललो असतो. शैलाला तर रोज बोलतोच.

मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चष्मा काढून बघितलं. तिच्या पायात एक जोडवं असेल का म्हणून जवळ जाऊन बघितलं, तर चित्रापुढच्या दोरीच्या आत पाय गेला म्हणून आतल्या गार्डनं आवाज दिला. जोडवं नाही. पेटीला कुलूप आहे. दार अर्धं आहे. तुमच्या घरातली ती पहिल्या दिवशीची मुलगी मी तिच्या जागी बसवून बघितली, तुम्ही सांगितलीत तशी, पाय चोळणारी. क्षणभर बसली. मग उठून गेली.

निघालीच आहे ती, व्याही. मी काय करू?

मोराचं सांगायचं होतं. तो आमच्या माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. शैला दसऱ्याला माळा साफ करते तेव्हा तो काढते, झटकते, परत ठेवते. टाकून देत नाही. एकदा म्हणाली, "बघा ना, एक टिकली गेलेली नाही." मी म्हणालो, "हो का." मी तेव्हा बोलायला हवं होतं, की सांडोरपासून हा एका माणसाच्या मांडीवरून आलाय. मग पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. आता बोललो तरी ती विचारेल, मग त्यांना एकदा घरी का नाही बोलावलंत, पाणी तरी द्यायचं होतं. आणि तिचं बरोबर असेल.

दालन बंद व्हायची घंटा झाली. गार्ड बाहेर येऊन गेला, उठा म्हणाला नाही. पिशवीतून टोपी काढून बघितली. उद्या सांडोरला जाऊन त्या तरुणाकडून केळी घ्यावीत का, असंही मनात आलं. पण तो पुन्हा विचारेल, कोणाकडचे. दुखवट्याची टोपी दुसऱ्यानं घालायची असते, स्वतःची स्वतः घालत नाहीत, हे मला कळतं. तरी इथं बघणारं कोणी नाही म्हणून मी ती डोक्यावर ठेवून बघितली.

नीलेशच्या मापाची आहे. मला बसत नाही.